साथीच्या संकटात कंपन्या आधीच पाऊल कसे उचलतात?

सरकारी आदेशाची वाट न पाहता एखादी कंपनी साथीच्या काळात काय करू शकते, या प्रश्नाचे उत्तर मला पुण्यातील दोन उदाहरणांत सापडते. भारतात करोनाचे रुग्ण मोजकेच होते, तेव्हाच मायलॅब या कंपनीने करोना चाचणी संचाचे काम हाती घेतले आणि एरवी तीन-चार महिने चालणारे हे काम विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे भोसले यांच्या चमूने सहा आठवड्यांत पूर्ण केले. मार्च २०२० मध्ये त्यांनी संच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे तपासणीसाठी सोपवला आणि दुसऱ्याच दिवशी मुलीला जन्म दिला. हे आठवले की आजही ऊर भरून येतो.

सीरम इन्स्टिट्यूटची जोखीम वेगळी, पैशाची होती. कंपनीच्या कोविशिल्ड या करोना लशीला ३ जानेवारी २०२१ रोजी मान्यता मिळाली, पण त्याआधीच कंपनीने कोट्यवधी डोस तयार करून ठेवले होते आणि चाचण्या फसल्या असत्या तर तो सारा साठा फेकून द्यावा लागला असता. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसल्यामुळे हा निर्णय झटपट घेता आला. म्हणूनच १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले, तेव्हा भरलेल्या कुप्या हाताशी होत्या.