वाचकांचे प्रश्न : रात्र, बर्फ आणि भालाईत

प्रश्न : ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ या संगणकावरील युद्धखेळात माझे भालाईत दिवसा ऑर्कांना (राक्षसी योद्ध्यांना) सहज हुसकावतात, पण रात्री तेच सैनिक हरतात. खेळात हवामानाचाही असाच परिणाम असतो का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपला अनुभव योग्यच आहे. या खेळात एक दिवस-रात्र सहा फेऱ्यांची असते. पहाट आणि संध्याकाळ तटस्थ, मधल्या दोन फेऱ्या उजेडाच्या आणि शेवटच्या दोन अंधाराच्या. भालाईत ‘प्रकाशप्रिय’ गटातला असल्यामुळे उजेडात त्याचा मारा 25 टक्क्यांनी वाढतो, अंधारात तेवढाच घटतो आणि ऑर्कांचे गणित नेमके उलटे चालते. आपला भालाईत जवळच्या लढाईत 7 गुणांचे तीन वार करतो. ते दिवसा 9 चे, तर रात्री 5 चे होतात, म्हणजे तिन्ही वार लागले तर 27 आणि 15 असा फरक पडतो. म्हणूनच संध्याकाळ होताच गावात किंवा किल्ल्यात मागे सरकणे हा भित्रेपणा नव्हे! भुयारात मात्र भर दुपारीही अंधारच असतो.

हवामानाचे म्हणाल, तर मूळ नियमांत पावसाला स्थान नाही. बर्फ ही केवळ जमीन आहे, जिच्यावर एक घर चालायला साध्या पायदळाला चालीचे तीन गुण लागतात आणि बचाव, म्हणजे वार चुकण्याची शक्यता, 20 टक्क्यांवर येतो. त्यामुळे शत्रू बर्फात उभा असताना, आणि तेही सकाळी, हल्ला करावा.