क्रूझ कुठली घ्यायची ते नंतर, आधी पैसे कुठून काढताय ते बघू

घोडबंदर रोडच्या एका ताईंनी विचारलंय. दोघं नवरा-बायको नोकरीत, मुलगी १६ वर्षांची, अकरावीत, मुलगा १३चा. पुढच्या वर्षी बारावी म्हणून फिरून यायचं तर याच दिवाळीत, नोव्हेंबरात. एजंटने तीन कोटेशन दिलीत. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझने लक्षद्वीप, चौघांचे १ लाख ८० हजार. सिंगापूरहून गेंटिंग ड्रीम हे जहाज, तीन रात्री, विमान-हॉटेल धरून ४ लाख १० हजार. आणि सिंगापूरहूनच रॉयल कॅरिबियन, चार रात्री, बाल्कनीवाल्या दोन केबिन, ५ लाख ४० हजार. मुलांना अर्थातच तिसरं हवंय. ट्रिपच्या आरडीत २ लाख २० हजार आहेत, सगळे हप्ते आणि एसआयपी जाऊन महिन्याला २० हजार उरतात, दिवाळीला ७० हजार बोनस मिळतो, अडीअडचणीची ३ लाखांची एफडी आहे. उरलेले पैसे मुलीच्या शिक्षणाच्या म्युच्युअल फंडातून काढावेत का एजंटचं बारा महिन्यांचं नो कॉस्ट ईएमआय घ्यावं, असा प्रश्न.

ताई, फंडाला हात लावू नका. "मार्चमध्ये परत भरू" असं तुम्ही लिहिलंय, आणि ठाण्यात वीस वर्षं लोकांना पैशांचा सल्ला द्यायचं काम करतोय त्यातून सांगतो, शिक्षणाच्या फंडातून फिरायला काढलेले पैसे मार्चमध्ये परत भरलेलं कुटुंब मी अजून बघितलेलं नाही, मार्चमध्ये इन्शुरन्सचा हप्ता येतो, मग शाळेची फी, मग कुणाचं तरी लग्न. ॲडमिशनला आता दोन वर्षं पण राहिली नाहीत, खरंतर या फंडातला पैसा इक्विटीतून हळूहळू बाहेर काढून सुरक्षित जागी न्यायची वेळ आलीय आणि तुम्ही तो समुद्रात न्यायचं म्हणताय.

नो कॉस्ट ईएमआयचं पण ऐका. त्यात व्याज असतंच, फक्त ते रोख भरणाऱ्याला मिळाली असती त्या सवलतीतून वळतं करतात, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच. एजंटला साधं विचारा, आत्ता सगळे रोख भरले तर किती कमी करशील? तो जो आकडा सांगेल तीच त्या नो कॉस्टची कॉस्ट.

आता जहाजं. लक्षद्वीपवालं खिशाला परवडतं, बॅलार्ड पियरहून बसायचं, विमान नाही, व्हिसा नाही, डॉलर नाही. पण २०२१ पासून मुंबईहून फिरणारं हे एम्प्रेस १९९० साली बांधलेलं आहे, आणि गंमत म्हणजे आधी ते रॉयल कॅरिबियनचंच होतं. आकाराने आजच्या मोठ्या जहाजांच्या मानाने लहान. आजी-आजोबा, लहान पोरं असतील तर मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं, पण १६ आणि १३ची मुलं अख्खं जहाज पहिल्या संध्याकाळीच पालथं घालतील आणि मग रेंज येतेय का बघत बसतील. शिवाय लक्षद्वीपला एवढं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात, समुद्राचा मूड नसला तर उतरणं रद्द, म्हणजे ज्यासाठी निघालो तेच लांबून बघायचं.

गेंटिंग ड्रीम वाईट नाही. आपल्याकडची भरपूर मंडळी त्यावर जातात, भारतीय आणि शाकाहारी जेवणाची आबाळ होत नाही, सासूबाई सोबत असत्या तर तिकडेच वळवलं असतं तुम्हाला. मुलांसाठी मात्र मी रॉयल कॅरिबियन म्हणेन, पण कंपनीच्या नावावर जाऊ नका, जहाजाचं नाव विचारा. त्यांची अँथम, ओव्हेशन, स्पेक्ट्रम ही क्वांटम वर्गातली जहाजं, त्यांच्यावर हवेत तरंगायचा स्कायडायव्हिंग सिम्युलेटर, लाटांवर सर्फिंग करायचा फ्लोरायडर, बंपर कार, आणि समुद्रावर उंच नेणारी नॉर्थ स्टारची काचेची केबिन असते. टीनएजर मुलांचा क्लब वेगळा, त्यामुळे तुमची दोघं एकाच क्लबात, हे महत्त्वाचं, नाहीतर एकाला लहान मुलांच्यात बसवलं की तिथेच तोंड फुगतं. दुसऱ्या वर्गातलं जहाज निघालं तर यातलं बरंच काही नसेल, म्हणून आधी नाव.

"किड्स सेल फ्री"ची जाहिरात बघून खूश झाला असाल तर ती १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे हो. तुमची दोन्ही त्यातून बाहेर. पण एकाच केबिनमधला तिसरा आणि चौथा माणूस बऱ्याचदा पहिल्या दोघांपेक्षा स्वस्त पडतो, आणि तुमचे ५ लाख ४० हजार फुगलेत ते दोन बाल्कन्यांमुळेच. चौघांची एकच आतली केबिन घ्या. बाथरूम एक आणि घरात १६ वर्षांची मुलगी, काय होणार मला माहितीय, पण चार रात्रींचा प्रश्न आहे, आणि केबिनमध्ये झोपण्यापुरतंच जातं माणूस.

तुमच्या तारखांचा हिशोब मी परवा बसून काढला. आतली केबिन १ लाख ७५ हजार, विमान १ लाख २८ हजार, व्हिसा आणि इन्शुरन्स २० हजार. टिप, जिला ते ग्रॅच्युइटी म्हणतात, माणशी दिवसाला साधारण १८ डॉलर, चौघांचे चार दिवसांचे झाले पंचवीस हजारांच्या आसपास, आणि ती बहुतेक कोटेशनमध्ये नसतेच, तुमच्याही नाहीये. सिंगापूरला एक रात्र, खाणंपिणं, फिरणं ४५ हजार, जहाजावरचा वायफाय वगैरे किरकोळ २० हजार. एकूण ४ लाख १३ हजार. एजंटच्या गेंटिंगएवढेच. गेंटिंग अशीच स्वतः जुळवली तर साडेतीनच्या आसपास बसेल हेही सांगून ठेवतो, म्हणजे तुमच्या पोरांच्या हट्टाची खरी किंमत साठ हजार. मी असतो तर दिले असते, पुन्हा चौघं एकत्र कधी निघणार कोण जाणे.

वेळेच्या बाबतीत तुमचं नशीब बरं आहे. सिंगापूरच्या शाळांना वर्षअखेरची सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लागते आणि मग तिथलेच लोक जहाजं भरून टाकतात, तुम्ही त्याच्या आधी परत. उलट मे महिन्याच्या शेवटी गेला असतात तर तिकडची जूनची सुट्टी आडवी आली असती.

खरी गोची वेगळी आहे. शेवटचं पेमेंट जहाज सुटायच्या अडीच-तीन महिने आधी लागतं, म्हणजे ऑगस्टअखेर, आणि बोनस येणार ऑक्टोबरअखेर. ऑगस्टअखेर तुमच्याकडे आरडी आणि दोन महिन्यांची बचत धरून २ लाख ६० हजार असतील, जहाज आणि विमानाचे लागतील ३ लाख ३ हजार. हे ४३ हजार एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तिच्या तारणावर लागेल तेवढंच कर्ज, घेऊन भरा, व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण टक्का-दोन टक्के जास्त लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बचतीत ते जवळजवळ फिटतील, मग ट्रिपच्या वेळचे १ लाख १० हजार, त्यातले ७० बोनसचे, उरलेले ४० परत ओव्हरड्राफ्टवर, आणि डिसेंबरच्या पगारात खातं मोकळं. सगळं मिळून व्याज हजाराच्या आत-बाहेर. बोनस यंदा येणार का याची जराही शंका असेल तर मात्र हे करू नका, गेंटिंग घ्या.

एजंटकडूनच पॅकेज घेतलंत तर बिलात टीसीएस, म्हणजे एजंटने आधीच गोळा केलेला इन्कम टॅक्स, दिसेल, तो खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो, आणि २०२४ पासून नोकरदारांना ऑफिसमध्ये कळवून पगारातल्या टीडीएसमध्ये पण धरून घेता येतो. पण आज खिशातून जातोच, तेवढी रोकड वेगळी ठेवा.

जहाजावर रोख चालत नाही, सगळं कार्डावर, आणि मुलांची कार्डं तुमच्याच खात्याला जोडलेली. माझ्या एका क्लायंटच्या चिरंजीवांनी गेमिंग आर्केडमध्ये दोन रात्रीत सतरा हजार उडवले, जहाजाचं नाव जाऊ दे, त्यात जहाजाची काही चूक नव्हती, बापाने लिमिट घातलं नव्हतं. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डांना लिमिट घालून घ्या. बिल डॉलरमध्ये येणार, आपल्या क्रेडिट कार्डाचं फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावर जीएसटी बघून मगच कुठलं कार्ड द्यायचं ते ठरवा. इन्शुरन्समध्ये जहाजावरून हॉस्पिटलला हलवायचा खर्च धरलाय का तेही विचारा, जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो.

आणि मुलाचा पासपोर्ट आजच कपाटातून काढा. लहानपणी काढलेला पाच वर्षांचाच असतो आणि प्रवासात सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, तुमच्या सांगण्यावरून तो आठ वर्षांचा असताना काढलाय, म्हणजे संपला असेल किंवा संपत आला असेल. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आधी घ्या, नवा पासपोर्ट हातात आला की मग विमानाची तिकिटं. व्हिसा करताना एजंटला मल्टिपल एंट्री आहे ना ते विचारून घ्या, कारण जहाज सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच येणार आहे.