प्रश्न तुमचे: बस चालवणाऱ्यांचं वजन का वाढतं?

प्रश्न: माझे मिस्टर १४ वर्षं सिटी बस चालवतायत. लागले तेव्हा ६८ किलो होते, आता ९२. उंची १६८ सेंटिमीटर. बेल्टला घरीच खिळ्याने नवीन भोक पाडून झालं. पहाटेची शिफ्ट असेल तर काहीच न खाता जातात, दिवसभरात सहा-सात चहा होतात, आणि खरं जेवण रात्री अकराला. व्यायामाचं काढलं की म्हणतात, मी दिवसभर राबतोच की. थकलेले असतात हे दिसतं म्हणून मी पण गप्प बसते. काय करू?

उत्तर: ताई, ते राबतात हे अगदी खरं आहे, आधी ते मान्य करा. ट्रॅफिक, सिग्नल, मागून हॉर्न, दारात लटकलेली माणसं, आठ तास डोळे रस्त्यावर, यात डोकं पिळून निघतं. पण पाय आणि मांड्यांचे मोठे स्नायू जवळजवळ बसूनच असतात, शरीरातली साखर जाळायचं काम तर तेच करतात. म्हणून माणूस दमतो खरा, पण खाल्लेलं खर्च होत नाही. हा आळस नाहीये, ही त्या सीटची देणगी आहे.

हे आजचं पण नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या माणसांचा अभ्यास छापला. बस एकच, गर्दी एकच, पण दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी. नंतर त्यांनीच युनिफॉर्मची मापं काढून पाहिली तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला आधीपासूनच मोठ्या निघाल्या, म्हणजे सगळा फरक जिन्यांचा नव्हता, आणि हे त्यांनी स्वतःच लिहिलं, मला ते फार आवडतं. बसून राहण्याचा धोका मात्र पुढच्या कितीतरी अभ्यासांत पक्का झाला.

आता तुमच्या घरचं. पहिलं चहा बघा. सात कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे १४ चमचे, साधारण ५६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २००० कॅलरीच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते आणि २५ च्या आत असेल तर आणखी चांगलं. नुसत्या चहातच मर्यादा ओलांडली! चहा तोडायला सांगू नका, तोडणार नाहीत. साखर दोनवरून एकवर आणा, दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते.

दुसरं, जेवणाची वेळ. रात्री उशिरा शरीर साखर नीट हाताळत नाही, शिवाय दिवसभर उपाशी राहिलेला माणूस अकराला दुप्पट जेवतो. पहाटे निघताना थोडं तरी पोटात जाऊ द्या, मुख्य जेवण डब्यात द्या आणि रात्रीचं हलकं. डब्यात डाळ, कडधान्य किंवा अंडी आणि भरपूर भाजी असली की पोट टिकतं, मग शेवटच्या स्टॉपवर तळलेल्याकडे हात जात नाही. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण चुकवून स्टेअरिंगवर बसणं धोक्याचं आहे, साखर एकदम उतरू शकते.

पाण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत पण विचारते. बरेच ड्रायव्हर लघवीला जायला मिळत नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि मग मुतखडा, जळजळ. यात घरच्यांपेक्षा वेळापत्रक लावणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. फेऱ्यांमधली विश्रांती ट्रॅफिकमध्येच संपते, स्वच्छतागृह लांब, आणि मग त्याच माणसाला वजन कमी कर म्हणायचं, हा अन्याय आहे, मी तो स्पष्ट लिहिते.

जिथे पाच-सात मिनिटं मिळतात तिथे खाली उतरून बसभोवती चालायचं, पायऱ्या दोन-चार वेळा चढायच्या. पूर्वी सलग दहा मिनिटं चाललात तरच ते मोजायचे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती अट काढून टाकली. तुकड्या-तुकड्यांतलं चालणं पण धरलं जातं.

वजनापेक्षा टेप वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, म्हणजे यांचा ८४ सेंटिमीटरच्या आत. एकदम होणार नाही, पण साडेचार किलो जरी उतरले तरी बीपी आणि साखरेत फरक पडू शकतो.

आणि एक, रात्री खूप घोरतात का? मधेच श्वास थांबून दचकून उठतात का? दिवसा डोळा लागतो का? तसं असेल तर डब्याच्या आधी झोपेची तपासणी करून घ्या, त्यांच्या मागे सीटवर लोक बसलेले असतात.

प्रश्न: मी पण ड्रायव्हर. साप्ताहिक सुटीला दोन तास भरभर चालतो, पुरेल का?

उत्तर: दादा, चांगलंच आहे, चालू ठेवा. आठवड्याला किमान १५० मिनिटं हवीत, तुमची १२० झाली. उरलेली ३० ड्युटीच्या दिवसांत डेपोतून घरी जाताना एक-दोन स्टॉप आधी उतरून भरून काढा, आणि आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा भिंतीला टेकून जोर मारा, पाठीलाही बरं पडेल.