'केंद्र', 'मध्य' की 'मधला'? शेतकऱ्यांच्या पक्षांनी घेतलेल्या एका नावाबद्दल

विट्याच्या एका वाचकाने विचारलंय: "स्पर्धा परीक्षेच्या टिपणात 'फिनलंडचा केंद्र पक्ष (पूर्वीची कृषक लीग)' असं वाचलं. केंद्र म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे दिल्ली येते. हा तिथला सत्तेतला पक्ष आहे का? शेतकऱ्यांचा पक्ष 'मध्यममार्गी' कसा काय होतो? आपल्याकडे तर शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) डावा. आणि ऑस्ट्रेलियाच्या 'कंट्री पार्टी'ला देश पक्ष म्हणायचं का?"

'केंद्र पक्ष' हे भाषांतर शब्दकोशाला धरून बरोबर आहे आणि मराठीला धरून चूक. आपल्या राजकीय बोलण्यात 'केंद्र' एकटं कधी येतच नाही, समोर 'राज्य' गृहीत असतं. केंद्राचं पथक पाहणी करून गेलं, केंद्राने इथेनॉलचा दर ठरवला, केंद्राकडे बोट दाखवून राज्य मोकळं झालं. त्यामुळे 'केंद्र पक्ष' वाचून दिल्ली आठवली यात वाचकाचं काही चुकलं नाही. फिनलंडचा हा पक्ष कधी सत्तेत असतो, कधी विरोधात. नावातलं 'केंद्र' सत्तेचं नाही, डाव्या-उजव्यांच्या मधल्या जागेचं आहे.

डावं-उजवं ही वाटणी 1789 मधल्या फ्रान्सच्या सभागृहातली. राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधातले डाव्या. पुढच्या काही वर्षांत तिथे उंच बाकांवर बसणाऱ्या जहालांना 'डोंगर' म्हणू लागले, खाली बसणाऱ्या मधल्यांना 'मैदान' आणि कुचेष्टेने 'दलदल'. मधल्या माणसाची टिंगल तेव्हापासून चालू आहे. मराठीनेही त्याला कधी मान दिलेला नाही. तळ्यात-मळ्यात करणारा, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, आणि आमच्या भागातलं ठेवणीतलं 'खोबरं तिकडं चांगभलं'. मध्यस्थाला तेवढा मान आहे, तोही तंटा मिटेपर्यंत.

'पक्ष' या शब्दाचीही एक गंमत आहे. पक्ष म्हणजे मुळात पंख, बाजू. डावा पक्ष, उजवा पक्ष हे पाखराच्या अंगावर शोभतं. 'मध्य पक्ष' म्हणजे मधला पंख! शब्दशः गेलं तर असं पाखरू उडायचं नाही. पण राजकारणात ते चांगलं उडालं.

आता मूळ विषय. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या तिन्ही देशांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांचे स्वतंत्र पक्ष निघाले. फिनलंडमध्ये 1906 साली, स्वीडनमध्ये 1913, नॉर्वेत 1920. शहरात गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांचा पक्ष आधीच उभा होता, सोशल डेमोक्रॅट. दुसऱ्या बाजूला व्यापारी, जमीनदार, नोकरशहा यांचे उजवे पक्ष. स्वतःची जमीन स्वतः कसणारा माणूस दोन्हीकडे परका. मालक म्हणावं तर हात मातीत, मजूर म्हणावं तर सात-बारा नावावर. या पक्षांची 'मध्य' ही जागा अशी पडली. ती कुणाच्या ग्रंथातून आली नाही, शेजारी कोण बसलंय यावरून ठरली. शेकाप डावा आणि तिकडचा शेतकरी पक्ष मध्यममार्गी, या कोड्याचं उत्तर इथेच आहे. आपल्याकडे 1947-48 मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे, नाना पाटील या मंडळींनी नावातच 'शेतकरी' आणि 'कामगार' एका दाव्याला बांधले. 1950 च्या दाभाडी अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादाची भूमिका घेतली. तिकडे कामगार समोरच्या बाकावर होता, इकडे त्याच बाकावर. मग जेधे-मोरे काँग्रेसमध्ये परतले, पुढे यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण आलं आणि आपल्या भागातली मधली सगळी जागा काँग्रेसनेच व्यापली. चिन्हंही कशी वाटली गेली पाहा: बैलजोडी काँग्रेसकडे, गाडी शेकापकडे. दोन्ही मिळून एक बैलगाडी झाली असती.

स्वीडनच्या शेतकरी पक्षाने मधल्या जागेचा सगळ्यात चोख वापर केला तो 1933 मध्ये. जागतिक मंदी होती, लोण्याचे भाव कोसळले होते, शहरात बेकारी होती. पेर आल्बिन हान्सनच्या सोशल डेमोक्रॅट सरकारकडे बहुमत नव्हतं. सौदा झाला: शेतमालाच्या भावाला संरक्षण कामगार पक्षाने मान्य करायचं, आणि बेकारांना बाजारभावाने मजुरी देणारी सरकारी कामं शेतकरी पक्षाने मान्य करायची. स्वस्त अन्न हवं असणारा आणि महाग धान्य विकायचं असणारा, दोघांनी एकमेकांचं दुखणं विकत घेतलं. या सौद्याला स्वीडिश लोक 'कूहांदेल' म्हणतात. 'कू' म्हणजे गाय (आपल्या 'गो'ची दूरची बहीण), 'हांदेल' म्हणजे व्यापार. त्याचं भाषांतर 'घोडेबाजार' असं केलेलं पाहिलंय, ते साफ चुकीचं. आपल्या घोडेबाजारात आमदार विकले जातात, धोरण नव्हे. कूहांदेल म्हणजे खरसुंडीच्या यात्रेतला खिलार बैलांचा सौदा. हेडी रुमालाखाली हात घालतो, बोटं दाबून आकडा सांगतो, बाहेर कुणाला काही कळत नाही, पण हात सुटतात तेव्हा बैलही ठरलेला असतो आणि पैसाही. दोघंही थोडे कुरकुरतात आणि आपापल्या गावाला जातात. मराठीत यासाठी एक शब्द हवा असेल तर मी 'बैलबाजार' म्हणेन. घोडेबाजाराहून तो वेगळा आहे हेही त्याने लगेच कळतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या पक्षांच्या पायाखालची जमीनच सरकली. ट्रॅक्टर आले, शेतं एकत्र झाली, पोरं शहरात गेली. फिनलंडमधून तर माणसं थेट स्वीडनच्या कारखान्यांत गेली. शेतकरी मतदारच कमी झाला, तर 'शेतकरी' नावाचा पक्ष किती दिवस टिकणार? स्वीडनने 1957 मध्ये नावाला 'सेंटर' जोडलं आणि पुढच्या वर्षी 'शेतकरी' सोडून दिलं. नॉर्वेने 1959 मध्ये, फिनलंडने 1965 मध्ये तेच केलं. तिघांनीही चार पानांचं क्लोव्हर हे चिन्ह घेतलं. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासाच्या कुळातलं गुरांचं चारापीक. नावातून शेतकरी गेला, चिन्हात वैरण राहिली.

नाव बदलल्याने काय साधलं हे स्वीडनमध्ये दिसलं. 1973 च्या निवडणुकीत सेंटर पक्षाला 25.1 टक्के मतं मिळाली, शेतकरी नाव असताना कधी मिळाली नव्हती एवढी. पर्यावरण, लहान गावं, अणुऊर्जेला विरोध हे नवे मुद्दे होते. 1976 मध्ये थोरब्योर्न फेल्दिन हा मेंढपाळ शेतकरी पंतप्रधान झाला आणि चाळीस वर्षांची सोशल डेमोक्रॅट सत्ता संपली. दोन वर्षांत अणुऊर्जेच्याच वादावरून त्याने राजीनामा दिला. सांगलीकरांना राजीनामे नवीन नाहीत, पण मुद्द्यासाठी दिलेला राजीनामा दुर्मीळ.

फिनलंडमध्ये कहाणी वेगळी वळली. तिथल्या पक्षाचा वैचारिक बाप सांतेरी आल्कियो, खेड्यातला दुकानदार आणि लेखक. 1918 च्या यादवीनंतर 'तोर्पारी' म्हणजे खंडाबद्दल मालकाच्या शेतावर राबणाऱ्या कुळांना आपली जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. 1922 मध्ये क्युओस्ती काल्लियोच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला, त्याने भूमिहीनांना जमिनी मिळण्याची वाट केली. आपला कुळकायदा 1948 चा आणि कृषकदिन 1 एप्रिल 1957 चा, म्हणजे त्यांनी हे काम पिढीभर आधी केलं. काल्लियो स्वतः पुढे 1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच पक्षाचा उर्हो केक्कोनेन 1956 पासून 1982 पर्यंत राष्ट्राध्यक्ष राहिला. पण लहान शेतकऱ्याचं गाऱ्हाणं शिल्लक होतंच. ते घेऊन वेइक्को वेन्नामो 1959 मध्ये बाहेर पडला, त्याने वेगळा पक्ष काढला आणि 1970 मध्ये 18 जागा मिळवल्या. तो पक्ष नंतर मोडीत निघाला आणि त्याच्या राखेतून 1995 मध्ये आजचा कडवा राष्ट्रवादी 'फिन्स' पक्ष उभा राहिला. मधल्या जागेत सरकणाऱ्याने मागे सोडलेली जागा रिकामी राहत नाही, हे आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या उदयातही दिसलं. तिथे दिशा मात्र निराळी होती, मुद्दा भावाचा.

आता शब्दांकडे. टिपणातला 'कृषक लीग' हा शब्द दोन्ही अंगांनी बिघडलेला आहे. लीग म्हटलं की आज क्रिकेट आठवतं. 'संघ' लिहावं तर आमच्याकडे तालुका खरेदी-विक्री संघ, दूध संघ, आणि नुसता 'संघ' म्हटलं की तिसराच. तरी इथे 'संघ'च बरा. खरी अडचण 'कृषक'ची आहे. फिनिश नाव 'मालाइसलीत्तो', त्यातला 'मा' म्हणजे जमीन, भूमी, गावाकडचा मुलूख. म्हणून तो 'ग्रामीण संघ'. स्वीडिश आणि नॉर्वेजियन नावांत 'बुंदे' हा शब्द होता, त्याला 'शेतकरी' चालतो. पण 'बुंदे'ची खरी जोडी मराठीत दुसरीच आहे. बुंदे म्हणजे मुळात घरदार करून वस्तीला राहिलेला माणूस. इंग्रजी 'हजबंड'मधला 'बंड' तोच. आपला 'कुणबी' संस्कृत 'कुटुंबिन्'पासून आला, म्हणजे कुटुंब असलेला, घरधनी. दोन्ही भाषांनी घरधन्यालाच शेतकरी केलं. इतकी नेमकी जोडी क्वचित सापडते, आणि तरी ती वापरता येत नाही, कारण 'कुणबी संघ' म्हटलं की आज जातीच्या दाखल्याचीच चर्चा सुरू होईल.

नव्या नावाचंही तसंच. फिनिशमध्ये पक्षाचं नाव 'केस्कुस्ता'. रस्त्यावरच्या पाट्यांवर हाच शब्द शहराच्या मध्यवस्तीसाठी लिहिलेला असतो. खेड्यातल्या माणसांच्या पक्षाने शहरातल्या बाजारपेठेचं नाव घेतलं! स्वीडिश-नॉर्वेजियन 'सेंटर' आणि आपलं 'केंद्र' हे मात्र सख्खे भाऊ. दोन्ही ग्रीक 'केंत्रॉन'ची मुलं. आपल्याकडे तो ज्योतिषातून आला, कुंडलीतल्या केंद्रस्थानाच्या रूपाने. केंत्रॉन म्हणजे टोक, आणि त्याआधी बैल हाकायची टोकदार काठी. म्हणजे पराणी, तिच्या शेंड्याची आर. नावातून शेतकरी काढून टाकला आणि नकळत हातात पराणी घेतली.

'मध्यममार्गी' हे विशेषण आहे, पक्षाच्या धोरणाचं वर्णन करायला ठीक. महाराष्ट्रात मध्यम मार्ग म्हटलं की बुद्धाचा मार्ग आधी आठवतो, म्हणून पक्षाच्या नावात तो घालू नये. शिवाय 'मध्यम'ला मराठीत प्रतीचा वास आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद मध्यम निघाली म्हणजे भाव पडला. आणि 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' हे ऐकलेल्या माणसाला वाटायचं, शेतीवरून मध्यमावर आले म्हणजे एक पायरी उतरलेच की!

मी 'मध्य पक्ष' लिहीन. फिनलंडचा मध्य पक्ष, पूर्वीचा ग्रामीण संघ; स्वीडनचा मध्य पक्ष, पूर्वीचा शेतकरी संघ; नॉर्वेचा मध्य पक्ष, पूर्वीचा शेतकरी पक्ष. डेन्मार्कच्या वाटेला गेलात तर जपून. तिथला शेतकऱ्यांचा जुना पक्ष 'वेन्स्त्रे', म्हणजे शब्दशः 'डावा', आज मध्याच्या उजवीकडे आहे. त्याचं भाषांतर करूच नये, 'वेन्स्त्रे'च लिहावं.

ऑस्ट्रेलियाची 'कंट्री पार्टी' 1920 ची. तिथल्या 'कंट्री'चा अर्थ शहराबाहेरचा मुलूख, म्हणून 'ग्रामीण पक्ष'. 'देश पक्ष' म्हणजे राष्ट्रभक्तीचं काहीतरी वाटेल. तरी कुंभार्ली घाट चढून आलेल्या चिपळूणकराला विचारा, तो पाटण-कराडकडच्या आपल्या माणसांना 'देशावरचे' म्हणतो. त्याच्या तोंडी 'देश पक्ष' जवळजवळ बरोबर बसेल. 1975 मध्ये त्यांनी नावात 'नॅशनल' आणलं आणि 1982 मध्ये 'कंट्री' काढून टाकलं. आता त्याला 'नॅशनल पार्टी'च म्हणा. 'राष्ट्रवादी' लिहिलंत तर सांगलीत पहिला प्रश्न येईल, कुठल्या गटाची?