पहिला महिना दोनच ब्रश

भाऊ, तू मोबाइलच्या ड्रॉइंग ॲपवर काढलेलं कपाशीच्या वावराचं चित्र पाहिलं. हात चांगला आहे तुझा, म्हणून सरळच सांगतो.

ब्रशची अख्खी यादी चाळत बसू नको. रेघेसाठी एक कडक, रंगासाठी एक मऊ, महिनाभर एवढेच वापर. रेघ थरथरत असेल तर स्टॅबिलायझर, म्हणजे रेघ आपोआप गुळगुळीत करणारी ॲपमधली सोय, थोडा वाढव.

खरी चूक लेयरची, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांची झाली. रेघ आणि रंग एकाच लेयरवर होते, म्हणून रंग खोडताना बैलाचं शिंगही गेलं. रेघ वरच्या लेयरवर, रंग खालच्या. कॅनव्हासची, म्हणजे चित्राच्या पानाची, बाजू २००० पिक्सेलच्या आसपास पुरे. कमी रॅमच्या मोबाइलवर मोठा घेतला की ॲप अडखळते.

सावलीला निव्वळ काळा घेऊ नको, चित्र मळकट होते. आपली काळी मातीसुद्धा उन्हात तपकिरी अन् सावलीत निळसर दिसते. सकाळी वावरात जाशील तेव्हा नीट पाहून घे. पळसाच्या केशरी फुलाची सावली गडद लाल कर, काय जिवंत दिसते ते!

एक बोंड मोठं करून त्यातच तासभर अडकू नको. मधून मधून दोन बोटांनी चित्र लहान करून पाहत जा.

ब्लेंडिंग मोड, म्हणजे वरच्या लेयरचा रंग खालच्यात कसा मिसळायचा ते ठरवणारी सोय, सध्या राहू दे. आता एक पळस काढ, लेयर वेगळे ठेव, अन् मला दाखव.