कितकाताचं रामेन: टोकियोहून एका दिवसात की मुक्काम करून?

टोकियोहून सकाळी निघून कितकाताला रामेन (सूपातले जपानी नूडल्स) खायचं आणि रात्री परतायचं, बरोबर एक शाकाहारी माणूस आहे, असा तुमचा प्रश्न आहे. वेळेत बसतं, पण तसं करू नका. त्या गावाची खरी गंमत सकाळी ७ ला आहे.

कितकाता फुकुशिमातल्या आइझु भागात आहे, आणि तिथे लोक नाश्त्यालाच रामेन खातात, त्याला 'आसा-रा' म्हणतात. रामेनसाठी साप्पोरो आणि हाकाताच्या जोडीने कितकाताचं नाव घेतलं जातं, तरी गाव लहान आहे. बरीच दुकानं दुपारी तीनच्या आसपास बंद होतात, आणि सूप संपलं की त्याआधीही. टोकियोहून यामाबिको शिन्कान्सेनने कोरियामा साधारण ८० मिनिटं (हायाबुसा ही जास्त वेगवान गाडी सहसा तिथे थांबत नाही), पुढे बानएत्सु-पश्चिम लाइनने आइझु-वाकामात्सु तासाभराहून थोडं जास्त, तिथून कितकाता वीसेक मिनिटं. या लाइनवर गाड्या कमी आहेत. एक चुकली की तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जातो, आणि पोहोचेपर्यंत दहा वाजून जातात. म्हणून आदल्या संध्याकाळी कितकातात किंवा वाकामात्सुत मुक्काम करा. वाकामात्सुत राहिलात तर सकाळच्या पहिल्या गाड्यांच्या वेळा रात्रीच बघून ठेवा.

आता नूडल्स. चपटे, साधारण ४ मिलिमीटर रुंद, नागमोडी. कणकेत पाण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असतं आणि ती मुरवत ठेवतात, म्हणून नूडल्स गुळगुळीत आणि चिवट लागतात. हाकाताचे बारीक, कोरडे नूडल्स सूप भराभर पितात आणि मऊ पडतात, म्हणून तिथे लहान वाढप घेऊन वरून 'काएदामा' म्हणजे उरलेल्या सुपात जादा नूडल्स मागायची पद्धत आहे. कितकाताचे नूडल्स आधीच पाण्याने भरलेले, सूप हळू शोषतात, त्यामुळे काएदामा इथे सहसा नसतो. भूक मोठी असेल तर सुरुवातीलाच 'ओओमोरी' म्हणजे मोठं वाढप सांगा.

पण मोठा बाऊल घेऊ नका, कारण दोन दुकानं करायची आहेत. पहिलं बान्नाई शोकुदो, १९५८ पासूनचं, सकाळी ७ ला उघडतं, साधारण गुरुवारी बंद. स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. डुकराच्या हाडांचं असूनही तिथलं सूप जवळजवळ पारदर्शक असतं. 'शिना सोबा' म्हणजे साधा रामेन. नावात सोबा असला तरी बकव्हीट नाही, हे नूडल्स गव्हाचेच. 'निकु सोबा'त चाशू म्हणजे शिजवलेल्या डुकराच्या मांसाच्या कापांखाली नूडल्स दिसतच नाहीत. पहिल्या बाऊलला साधाच पुरे. दुसरं दुकान गडद, निबोशी म्हणजे सुकवलेल्या छोट्या मासळीचा वास येणाऱ्या सोय-सूपचं निवडा. हा फरक जिभेवर आला की गाव कळतं. माणशी एक बाऊल मागवा, मोठ्यांनी एकात दोघं खाणं तिथे चालत नाही. येनच्या नोटा आणि सुटे जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालत नाही.

दोन बाऊलांमध्ये दोन-तीन तास ठेवा आणि गावात फिरा. सोय, मिसो आणि साके बनवणाऱ्यांचं हे जुनं गाव. त्यांची जाड भिंतींची 'कुरा' म्हणजे कोठारं आजही रस्तोरस्ती दिसतात. १९७० च्या दशकात ती बघायला आलेले लोक रामेन खाऊन गेले आणि नाव पसरलं. मुळात १९२० च्या दशकात चीनमधल्या झेजियांगहून आलेल्या एका तरुणाने गाडीवर नूडल्स विकायला सुरुवात केली होती, पुढे त्याचंच गेन्राइकेन हे दुकान झालं.

एप्रिलच्या उत्तरार्धात बंद पडलेल्या निच्चू रेल्वे लाइनच्या जुन्या मार्गावर सुमारे ३ किलोमीटर झुकत्या फांद्यांचे साकुरा फुलतात, तेव्हा रांगा फार लांबतात. हिवाळ्यात बर्फामुळे गाड्या उशिरा धावतात, त्यामुळे परतीची शिन्कान्सेन अगदी लागून ठेवू नका.

शाकाहारी माणसाचं इथे कठीण आहे. 'निकु नुकी' म्हणजे मांस काढून द्या असं सांगितलं तरी सूप डुकराचं आणि मासळीचंच राहतं, आणि नारुतो ही गुलाबी चकतीही माशाची. बकव्हीटच्या सोबाच्या त्सुयूतही (रश्यातही) सहसा कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेली मासळी असते. त्यांचा डबा बरोबर घ्या. दुकानात मात्र तो उघडू नये. आणि मुक्काम शक्यच नसेल, तर बान्नाईच्या नावाची साखळी दुकानं टोकियोत आहेत, तिथे खा आणि तो दिवस वाचवा.