मेक्सिकन लोकनृत्याचे व्यावसायिक नर्तक विद्यार्थ्यांना नेमके काय शिकवतात? कथक शिकणाऱ्या मुलीने ते शिकावे का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे, की टेक्सासमधील शाळेत आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला ‘बॅले फोल्क्लोरिको’, म्हणजे मेक्सिकन लोकनृत्य, शिकता येणार आहे आणि ते शिकवायला मेक्सिकोत व्यावसायिक रंगमंचावर नाचलेले शिक्षक येणार आहेत. मुलगी चार वर्षे कथक शिकते आहे, त्यामुळे रंगीत घागरे फिरवण्यापलीकडे तिथे तिला काही मिळेल का आणि तिचे कथकचे पाय त्यामुळे बिघडतील का, अशा दोन शंका आपल्याला आहेत. मी पुण्यात बारा वर्षे कथक शिकले आणि आता कॅलिफोर्नियातील सान होजे येथे राहते. गेली सहा वर्षे मी अशाच एका व्यावसायिक नर्तकाकडे हे नृत्य शिकते आहे, आणि अलीकडे लहान मुलांच्या वर्गात त्यांना मदतही करते. त्या अनुभवावरूनच हे उत्तर लिहिते आहे.

पहिल्या दिवशी आम्हाला पाय उचलूच दिला नाही. आमच्या शिक्षकांना सगळे ‘मायेस्त्रो’ म्हणतात, आपल्याकडे गुरुजी म्हणावे त्याच आदराने. ते मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरातील एका नृत्यसंचात चौदा वर्षे नाचले आहेत. त्यांनी वर्गाचे दोन गट केले आणि सहा मात्रांचे आवर्तन मनात मोजायला सांगितले. एका गटाने पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यायची, दुसऱ्याने पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर. म्हणजे त्याच सहा मात्रा एकीकडे तीन-तीन अशा आणि दुसरीकडे दोन-दोन-दोन अशा विभागल्या जातात, आणि हालिस्को, व्हेराक्रूझ, वास्तेका या भागांतील ‘सोन’ नावाच्या संगीताचा सारा जीव या दोन विभागण्यांच्या ओढाताणीत असतो. दादरा या सहा मात्रांच्या तालाच्या मात्रा ज्यांनी हातावर मोजल्या आहेत, त्यांच्या हे लगेच ध्यानात येते. परंतु ध्यानात येणे निराळे आणि न अडखळता एका टाळीवरून दुसऱ्या टाळीवर जाणे निराळे. कानाला जो फरक कळत नाही तो पायातून निघणार नाही, असे मायेस्त्रोंचे म्हणणे आहे, आणि पहिले तीन आठवडे प्रत्येक वर्गाचा अर्धा तास केवळ टाळ्यांत गेला. नृत्य शिकायला आलेली काही मुले तेवढ्यात कंटाळून निघून गेली. जी राहिली, त्यांच्या पायांत आज ताल पक्का आहे.

पायकामाला तिकडे ‘सापातेआदो’ म्हणतात. त्यातला अगदी मूळचा प्रकार तीन आघातांचा आहे: उजवा-डावा-उजवा, मग डावा-उजवा-डावा, आणि प्रत्येक तिकडीतला पहिला आघात जोरकस, त्यामुळे जोर आळीपाळीने दोन्ही पायांवर येतो. आपल्या मुलीचे पाय ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ या चौकडीत मुरलेले असणार. तत्कारात, म्हणजे कथकच्या या मूळ पायकामात, डावा पाय चौथा आघात करून लगेच पाचवाही करतो, तसे सापातेआदोमध्ये होत नाही. तिथे पाय सरळ एकाआड एक चालत राहतात आणि फक्त जोराची जागा सरकते. मला ही जुनी ओढ आवरायला दोन महिने लागले. दुसरा फरक बुटांचा. कथकमध्ये उघड्या पावलाचा सपाट आघात आणि घुंगरू मिळून नाद होतो, तर इथे बुटाच्या चवड्याला आणि टाचेला बारीक खिळे ठोकलेले असतात; त्यामुळे टोक, टाच आणि पूर्ण तळवा यांचे तीन वेगवेगळे ध्वनी काढता येतात आणि ते स्वच्छ वेगळे ऐकू यावे लागतात. मायेस्त्रो पुष्कळदा आमच्याकडे पाठ करून उभे राहतात आणि केवळ ऐकून कोणाची टाच उशिरा पडली ते सांगतात. पायकामाचा तुकडा ज्या ठाम आघाताने बंद होतो त्याला ‘रेमाते’ म्हणतात. तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचा आनंद ज्याला ठाऊक आहे, त्याला रेमातेची जागा शिकवावी लागत नाही, आणि या एका बाबतीत आपली मुलगी वर्गातल्या इतर मुलांच्या पुढे असेल.

घागऱ्याविषयी आपण थोडे उणे लेखून लिहिले आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. हालिस्कोच्या घागऱ्याचा घेर दुहेरी वर्तुळाइतका असतो, त्यावर रंगीत फितींच्या रांगा असतात, आणि तो वजनाला चांगलाच भारी होतो. सरावासाठी साध्या कापडाचा तसाच घेरदार घागरा वापरतात. तो कुठे धरायचा, मनगट किती वळवायचे, कोपर कोणत्या उंचीला ठेवायचे, हात थकला तरी खांदे कानांकडे कसे चढू द्यायचे नाहीत, हे सगळे पायकाम बाजूला ठेवून स्वतंत्रपणे शिकवले जाते. कापडाला स्वतःचा वेग असतो. हात थांबल्यावरही ते पुढे जाते. त्यामुळे कापडाने समेवर पोचावे असे वाटत असेल, तर हाताने आधीच निघावे लागते. हे गणित शरीरात उतरल्यावर खालचे पाय वेगाने वाजत असताना वरचे कापड संथ लाटेसारखे चालू लागते, आणि प्रेक्षकांना जे नुसते रंगीबेरंगी दिसते ते किती दिवसांच्या मेहनतीतून आले आहे हे तेव्हा समजते.

व्यावसायिक नर्तकाकडे शिकण्याचा खरा लाभ मात्र प्रदेशांच्या बाबतीत होतो, असे माझे ठाम मत आहे. ‘मेक्सिकन नृत्य’ असे एक नृत्य नाही. मायेस्त्रो एका वेळी एकच प्रदेश घेतात आणि चार-पाच महिने त्यातच राहतात. व्हेराक्रूझमध्ये नृत्य लाकडी चौथऱ्यावर होते, त्याला ‘तारिमा’ म्हणतात, आणि ‘फांदांगो’ नावाच्या लोकमेळ्यात नाचणाऱ्याचे पाय हे एक वाद्यच मानले जाते. गायक कडवे म्हणत असताना पाय हलके ठेवायचे, शब्द ऐकू येऊ द्यायचे, आणि गाणे थांबून नुसती वाद्ये वाजू लागली की मग चौथरा घुमवायचा. हा संयम शिकवताना मायेस्त्रो जितके कठोर होतात तितके मी त्यांना इतर वेळी पाहिलेले नाही. तिथला पांढरा झिरझिरीत घागरा हालिस्कोसारखा झटक्याने फिरवला, तर तो प्रदेशच पुसला जातो. युकातानच्या ‘हाराना’ नृत्यात घागरा फिरवायचाच नसतो. धड ताठ, हात वर, आणि कसलेले नर्तक डोक्यावर पेले ठेवलेले तबक घेऊन नाचतात. आमच्या वर्गातली मुले पाणी भरलेला प्लास्टिकचा पेला डोक्यावर ठेवून सराव करतात, आणि धड स्थिर ठेवून पाय चालवण्याची कथकची शिकवण तिथे थेट उपयोगी पडते. उत्तरेकडे, नुएव्हो लेओनमध्ये गेल्यावर सहा मात्रांचा खेळ संपतो आणि मध्य युरोपातून आलेली पोल्का अकॉर्डियनवर सुरू होते. मिचोआकानमधील पुरेपेचा लोकांचे ‘व्हिएहितोस’, म्हणजे म्हाताऱ्यांचे नृत्य, मुलांना सर्वांत आवडते: मुखवटा, काठी, वाकलेली पाठ, आणि लाकडी तळाच्या चपलांचा खणखणाट. पाठ वाकवूनही पायांची चपळाई टिकवणे अवघड असते, आणि हे म्हाताऱ्यांची टर उडवणे नव्हे, हे मुलांना पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितले जाते.

हे नृत्य शाळेत कसे आले, हेही आपल्याला माहीत असावे. क्रांतीनंतर 1921 साली मेक्सिकोत नवे शिक्षण मंत्रालय स्थापन झाले, होसे वास्कोन्सेलोस त्याचे प्रमुख होते, आणि 1923 पासून ‘सांस्कृतिक मिशने’, म्हणजे शिक्षकांची फिरती पथके, खेडोपाडी जाऊ लागली. शिक्षकांनी गावोगावची नृत्ये शिकून घेतली आणि शाळांतून पसरवली. ग्वादालाहाराकडचे ‘हाराबे तापातियो’ देशभर राष्ट्रीय नृत्य म्हणून रुजले ते याच काळात. त्याआधी 1919 मध्ये आना पाव्हलोव्हा या रशियन नर्तकीने मेक्सिको शहरात ते बॅलेच्या पद्धतीने, पायाच्या अंगठ्यांवर तोल सावरत, सादर केले होते. आजही 10 मे रोजी, मातृदिनी, तिथल्या शाळांतून मुले प्रादेशिक वेष करून नाचतात. आपल्याकडे गॅदरिंगमध्ये कोळीनृत्य बसवतात त्याची मला नेहमी आठवण होते, कारण समुद्र न पाहिलेली मुलेही ते नाचतात, आणि म्हणूनच ते नृत्य कुठले आणि कोणाचे हे सांगणाऱ्या शिक्षकाची गरज अधिक असते.

1952 मध्ये आमालिया एर्नांदेझ या मेक्सिकन नर्तकीने आठ नर्तकांना घेऊन आपला संच उभा केला, तो पुढे ‘बॅले फोल्क्लोरिको दे मेहिको’ या नावाने जगभर गेला, आणि 1959 पासून मेक्सिको शहरातील बेयास आर्तेस या भव्य नाट्यगृहात त्याचे नियमित प्रयोग होऊ लागले. गावातील नृत्याची लांबी, रांगा, वेग, प्रकाश हे सारे त्यांनी रंगमंचासाठी बदलले. यावर मेक्सिकोत आजवर वाद चालू आहे, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे असे मला वाटते. गावात लोक एकमेकांसाठी, देवासाठी किंवा सणासाठी नाचतात. रंगमंचावर ते समोर बसलेल्या अनोळखी माणसापर्यंत पोचवायचे असते. शिवाय जुनी वाटणारी प्रत्येक गोष्ट जुनी नसते. वाहाका राज्यातील ‘गेलागेत्झा’ या लोकनृत्यांच्या उत्सवात तुश्तेपेक भागातील स्त्रिया खांद्यावर अननस घेऊन जे नृत्य करतात, ते पाउलिना सोलिस या शिक्षिकेने 1958 साली बसवले, आणि आज ते तिथल्या लोकांचे स्वतःचे झाले आहे. मायेस्त्रो या बाबतीत एक रेघ मात्र स्पष्ट ओढतात. उत्तरेकडील सोनोरा राज्यातल्या याकी या आदिवासी लोकांचे हरिणनृत्य, ज्यात नर्तक डोक्यावर हरिणाचे शिर बांधतो आणि पायांभोवती किड्यांच्या सुकलेल्या कोशांच्या माळा वाजवतो, ते त्यांनी स्वतः रंगमंचावर अनेकदा केले आहे. तरीही वर्गात ते शिकवत नाहीत. ते याकींच्या श्रद्धेचा भाग आहे, रंगमंचावर नाचण्याची मुभा आम्ही परस्पर घेतली, ती पुढच्या पिढीला देण्याचा अधिकार मला नाही, असे त्यांनी आम्हाला एकदा सांगितले. कलाकाराने आपल्याच गाजलेल्या भूमिकेविषयी असे म्हणावे याचा माझ्या मनावर फार खोल ठसा उमटला आहे.

आता आपल्या दोन शंकांविषयी. कथकचे पाय बिघडणार नाहीत, मात्र सुरुवातीचे काही महिने दोन्हींचा सराव एकाच दिवशी ठेवू नये, कारण तिकडीची आणि चौकडीची ओढ एकमेकींत मिसळते. फरशीची चौकशी अवश्य करावी. मी पहिल्या वर्षी घरी सिमेंटच्या जमिनीवर सराव केला आणि माझ्या नडग्या महिनाभर दुखत होत्या. लाकडी, थोडी दबणारी जमीन हवी. खिळ्यांनी चांगल्या फरशीवर ओरखडे उठतात, म्हणून आमच्याकडे प्लायवूडचे तक्ते अंथरतात. खिळ्यांचे बूट लगेच घेऊ नयेत, पाय वाढत्या वयात असल्यामुळे आधी साध्या टाचेच्या बुटांवर शिकवणे शिक्षकही पसंत करतात. आणि शिक्षकांना भेटाल तेव्हा यंदा कोणता प्रदेश घेणार आहात, आणि त्यातले गावचे किती व रंगमंचासाठी बसवलेले किती, हे जरूर विचारावे. ज्यांना हे ठाऊक असते ते या प्रश्नाने खूश होतात आणि भरभरून बोलू लागतात.

यंदा व्हेराक्रूझ घेणार असतील, तर ‘ला बांबा’ची फीत नक्की येईल. जोडी समोरासमोर नाचते, लांब फीत जमिनीवर पडलेली असते, आणि सापातेआदो न थांबवता केवळ पायांनी तिची गाठ बांधायची असते. आमच्या लहान वर्गातल्या दोन मुली गेले सात आठवडे ती बांधत आहेत. गेल्या शनिवारी एक फास घट्ट बसला, दुसरा सुटला, आणि दोघींपैकी एकीचाही ताल चुकला नाही.